गावात शिरायला पाच युरो: चिविता दी बान्योरेज्जोबद्दल तुमचं काय मत?

फिरस्ता:
रोमच्या उत्तरेला साधारण 120 किलोमीटरवर चिविता दी बान्योरेज्जो हे गाव आहे. मे महिन्यात जाऊन आलो आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

गाव एट्रुस्कन (रोमनांच्या आधी इटलीत नांदलेल्या) लोकांनी वसवलेलं, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं, सुळक्यासारख्या टेकडीच्या माथ्यावर. वर ज्वालामुखीच्या राखेतून झालेला टफ दगड, खाली चिकणमाती. पाऊस आणि ओढे खालची माती पोखरतात, आधार सुटला की वरचा दगड घरांसकट दरीत जातो. तेराव्या शतकातले संत बोनाव्हेंतुरा इथलेच, पण त्यांचं घर ज्या कड्यावर होतं तो कडाच आता नाही. शेजारच्या बान्योरेज्जो गावचे लेखक बोनाव्हेंतुरा तेक्की यांनी चिविताला 'मरणारं गाव' म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

गावात जायला 1965 साली बांधलेला पादचारी पूल आहे आणि 2013 पासून त्यासाठी तिकीट लागतं. सुरुवातीला दीड युरो होतं, आता पाच आहे. संग्रहालयाला तिकीट समजू शकतो. माणसं राहतात त्या गावाला? कायमची राहणारी जेमतेम डझनभर उरली आहेत. एका आजींनी दार उघडलं, समोर चार मोबाइल रोखलेले पाहिले आणि लावून घेतलं. लाज वाटली. (पाचवा मोबाइल माझाच असता.)

हिशेबनीस:
आजींचं दार तिकिटामुळे नाही, गर्दीमुळे बंद झालं. तिकीट नसतं तर गर्दी वाढलीच असती, आणि कड्याच्या डागडुजीला पैसा कुठून आला असता? चिविता ज्या बान्योरेज्जो नगरपालिकेत येतं तिथे साडेतीन हजारांच्या आसपास वस्ती. तिकिटाच्या उत्पन्नावर त्यांनी स्थानिक कर माफ केले. असं सांगणारी दुसरी नगरपालिका दाखवा. नुसतं हळहळून दगड थांबत नाही हो.

आडवाटे:
बरोबर, पण दुसरी बाजूही मांडा. 2017 साली आठ लाखांवर माणसं येऊन गेली. डझनभर रहिवासी आणि आठ लाख पाहुणे! किराणा घ्यायला पूल उतरून यायचं, आणि परत चढताना सेल्फीवाल्यांना "जरा सरका" म्हणायचं. घरं विकत घेतात ती रोमची किंवा परदेशातली माणसं, उन्हाळ्यापुरती. बाकीचे महिने खिडक्यांना कुलपं. कडा वाचला, पण गाव कुणासाठी वाचवलं?

बोलोन्याकर:
इटलीत नऊ वर्षं राहतोय, दोन पैसे माझेही.

गाव पर्यटकांनी रिकामं केलं हा गैरसमज आहे. 1695 च्या भूकंपात मोठी पडझड झाली, त्यानंतर बिशप आणि कारभार शेजारच्या बान्योरेज्जोत गेला आणि पाठोपाठ माणसं गेली. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच. पर्यटक आले ते मढं झाकल्यावर.

मी नोव्हेंबरात गेलो होतो, धुकं होतं, पूल अर्ध्यावर दिसेनासा झालेला. वेशीच्या कमानीवर दगडी सिंह आहेत, पंजात माणसाचं मुंडकं धरलेले. मोनाल्देस्की सरदारांविरुद्ध गावाने बंड केलं त्याची आठवण. आत शिरताच एका जुन्या हवेलीची दर्शनी भिंत लागते. खिडक्या शाबूत, पण खिडकीतून दिसतं ते आभाळ. मागचं घर दरीत गेलंय. चौकात सान दोनातोचं चर्च. चौकाला अजून फरशी नाही, माती आणि खडीच. जून आणि सप्टेंबरात तिथे गाढवांची शर्यत होते, 'तोन्ना' म्हणतात. तेव्हा बान्योरेज्जोची मंडळी येतात, ओरडतात, पैजा मारतात. त्या दिवशी गाव मेलंय असं कुणी म्हणून दाखवावं.

आडवाटे:
वर्षातले दोन दिवस!

हिशेबनीस:
मग व्हेनिसचं काय? 2024 पासून ठरावीक दिवशी एका दिवसाच्या पाहुण्यांकडून पाच युरो घ्यायला लागले. मुक्काम करणाऱ्याला माफ. तिथे तर हजारो माणसं राहतात.

कोकणवेडा:
आमच्याही वाडीत असंच, चार म्हातारे आणि कुलूपबंद घरं...

फिरस्ता:
@कोकणवेडा, दुखणं खरं आहे, पण कृपया वेगळा धागा काढा, नाहीतर हा तिकडेच वाहत जाईल.

@बोलोन्याकर, भूकंपाचा मुद्दा मान्य, तो मी विचारातच घेतला नव्हता. तरी एक सांगा. व्हेनिसची मुक्कामाची सवलत कळते, तिथे राहणाऱ्याला शहराशी निदान एक रात्र देणंघेणं असतं. इथे बहुतेक जण दोन तासांत परत. मीही तसाच. पाच युरो दिले म्हणून मला वाटलं की आत सगळं बघायचा हक्क मिळाला, आजींचं दारही त्यात आलं. तिकिटाने हा माज येतो, हे माझं म्हणणं.

बोलोन्याकर:
माज तिकिटाचा नाही, मोबाइलचा. बाकी सप्टेंबरात तोन्नाला जातोय. कुणी येणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गाडी खाली लावून चालत चढायचं आहे, गुडघे बघून ठरवा.