मदत हवी आहे: पॉमच्या (पोमेरेनियन कुत्र्याच्या) तोंडाला घाण वास, ब्रश लावू देत नाही

मोतीची_आई:
महिनाभर वास येतोय. ब्रश पाहिला की गुरगुरतो. घरातली टूथपेस्ट लावून पाहिली, फेस थुंकत बसला. लवकर सांगा, उद्या पाहुणे यायचेत.

रानवारा:
आधी ती पेस्ट बंद करा. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, सगळी पोटात जाते. डबीवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का बघा, ते कुत्र्यांना विषारी आहे. वय किती? हिरडीतून रक्त येतं का? दोन्ही बाजूंनी चावतो का?

सह्याद्रीकर:
एवढं काय करायचं? मटणाचं नळीचं हाड द्या, दात लख्ख.

रानवारा:
नको. वरची मोठी दाढ हाडावरच फुटते. पापुद्र्यासारखा तुकडा उडतो, मुळाशी पू होतो आणि डोळ्याखाली सूज येते. नख रुतत नाही इतकी कडक वस्तू चावायला देऊच नये.

सह्याद्रीकर:
कच्चं हाड चालतं, उकडलेलं नाही.

रानवारा:
उकडलेल्याचे अणकुचीदार तुकडे होतात, हे खरं. पण दाढ कच्च्यानेही फुटते.

मोतीची_आई:
वय 4. उजवीकडे वरच्या दाढेवर तपकिरी थर, कडेची हिरडी लालभडक, हात लावला की रक्त. चावतो डावीकडूनच. कुत्र्यांचे पार्लरवाले भूल न देता खरवडून देतो म्हणतात, स्वस्तात.

भूपाळी:
ते करू नका. दिसणारा थर निघतो, पण आजार हिरडीच्या आत असतो. जागा कुत्रा तिथे हत्यार घालू देईल का? भूल देऊन स्केलिंग (हिरडीच्या आतपर्यंत थर खरवडणं), दातांचा एक्स-रे आणि शेवटी पॉलिशिंग हवंच. पॉलिशिंग टाळलं की खरखरीत दातावर कीटण लवकर धरतं. आधी रक्त तपासा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), किडनी, लिव्हर.
ब्रशही सध्या नको, दुखतंय म्हणूनच गुरगुरतोय. हिरडी बरी झाल्यावर आठवडाभर नुसतं बोट फिरवा, मग बोटाला गॉझ गुंडाळून, मग मऊ ब्रश आणि कुत्र्यांची पेस्ट. जबडा उघडायचा नाही. ओठ वर करून फक्त बाहेरची बाजू, हिरडीच्या कडेला 45 अंशात, एकेका बाजूला अर्धा मिनिट. रोज. दातावरचा मऊ थर दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो, मग ब्रशने निघत नाही.

गुलबक्षी:
पिल्लू असेल तर सहा-सात महिन्यांचं झाल्यावर दुधाचे सुळे पडलेत का बघा. पॉम, शिह त्झूमध्ये हमखास अडकतात.

रानवारा:
ताई, कुत्रा 4 वर्षांचा आहे.

मोतीची_आई:
थांबा, आत्ता ओठ वर करून पाहिलं. वरच्या सुळ्याला मागून चिकटून अजून एक बारीक सुळा आहे! मधे केसांचा गुंता आणि भाताची शितं.

भूपाळी:
तो दुधाचाच असणार. मूळ लांब आणि नाजूक असतं, घरी हलवून बघू नका, आतच मोडेल. स्केलिंगच्याच भुलेत काढून घ्या, म्हणजे दोनदा भूल नको. व्हेटना फोन करतानाच सांगा: दाढ, रक्त आणि जोड-सुळा. दातांचा एक्स-रे आहे का तेही विचारा. तोवर भात मऊ कालवून द्या.