पानगळीत मोटरहोम घेऊन कोलोरॅडो ते यूटाह : तुमचे अनुभव लिहा

येत्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं आणि आई-बाबा असे चौघं डेन्व्हरहून मोटरहोम भाड्याने घेऊन निघायचं म्हणतोय. पंधरा दिवस हातात आहेत, गाडी लास व्हेगासला सोडायची. २५ फुटी क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ती. कागदावरचा मार्ग असा: लेडव्हिल, इंडिपेंडन्स पास (पास म्हणजे घाट), ऊरे, सिल्व्हरटन, डुरँगो, मॉन्युमेंट व्हॅली, मोआब, कॅपिटल रीफ, ब्राइस, झायन. एवढी मोठी गाडी आम्ही दोघांनीही कधी चालवलेली नाही. मार्ग, थंडी, फजिती, जे असेल ते लिहा. "फार सुंदर आहे, जरूर जा" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या. सुंदर आहे हे ऐकूनच चाललोय.

*

तारखा चांगल्या निवडल्यात. आम्ही दोनदा गेलो आणि पहिल्यांदा सगळं उलटं केलं: आधी वाळवंट, मग डोंगर. सप्टेंबरच्या मध्याला मोआबला भाजून निघालो आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोलोरॅडोत पोचलो तर झाडांच्या नुसत्या काड्या. रंग डोंगरमाथ्यावरून खाली उतरत येतो, तुम्हीही त्याच्याबरोबर उतरायचं. कोलोरॅडोच्या सॅन वान डोंगरांत अ‍ॅस्पेनची झाडं साधारण सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला पिवळी होतात. खाली वाळवंटात नदीकाठचे कॉटनवुड त्यानंतर, आणि झायनच्या दरीत तर ऑक्टोबर सरता सरता. म्हणजे तुम्हाला झायनमध्ये झाडं हिरवीच दिसतील, ते आधीच मनाला सांगून ठेवा.

गाडी थांबवून अ‍ॅस्पेनचं एक पान हातात घ्या. देठ गोल नसतो, चपटा असतो, पट्टीसारखा. म्हणून वारा जाणवतही नाही तेव्हासुद्धा पान थरथरत असतं आणि अख्खं झाड चिल्लर वाजवल्यासारखं सळसळतं. डोंगरउतारावर एक तुकडा पिवळाजर्द आणि शेजारचा हिरवागार असं दिसलं तर तो उन्हाचा खेळ नाही. एका तुकड्यातली झाडं बहुधा एकाच मुळावरून फुटलेली असतात आणि सगळी मिळून एकदम रंग बदलतात. यूटाहमध्ये फिश लेकजवळ 'पांडो' आहे: १०६ एकर, सुमारे ४७,००० खोडं, आणि झाड म्हणाल तर एकच. कॅपिटल रीफहून अर्ध्या दिवसाची वाट वाकडी होते, पण आम्हाला ती सगळ्या प्रवासात जास्त आवडली.

*

ऊरे-सिल्व्हरटन रस्त्याबद्दल लिहितोय, कारण मार्ग वाचून पोटात गोळा आला.

हा यूएस ५५०, ज्याला मिलियन डॉलर हायवे म्हणतात. रेड माउंटन पास ११,००० फुटांच्या वर आहे. ऊरेच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही, पांढरी रेघ संपली की दरी. बर्फ ढकलायला जागा राहावी म्हणून कठडे ठेवले नाहीत असं तिथे सांगतात. तुम्ही ऊरेहून सिल्व्हरटनकडे, म्हणजे दक्षिणेला निघालात तर दरी तुमच्या बाजूला. आम्ही तसेच गेलो. बायको खिडकीशी होती, तिने पहिल्या पाच मिनिटांत डोळे मिटले ते सिल्व्हरटनलाच उघडले. वाटेतला एकही पिवळा डोंगर तिने पाहिलेला नाही, आणि हे ती अजून ऐकवते. मला तरी कुठे दिसला? माझी नजर रेघेवर.

उलट दिशेने, डुरँगोकडून ऊरेला गेलात तर या टप्प्यात तुम्ही डोंगराच्या कुशीला लागून चालता. तेव्हा डेन्व्हरहून आधी दक्षिणेला उतरा. ग्रेट सँड ड्यून्सला एक-दोन रात्री काढा (७०० फुटांहून उंच वाळूच्या टेकड्या आणि मागे बर्फाळ शिखरं, डोंगर-वाळवंट एकाच फोटोत), मग वुल्फ क्रीक पासवरून डुरँगो, तिथून वर सिल्व्हरटन, ऊरे, आणि पुढे मोआब. इंडिपेंडन्स पास आपोआप गळतो. गळू द्या.

आणि उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. वुल्फ क्रीकच्या पश्चिम उतारावर मी तेच केलं. निम्म्यात रबर जळल्यासारखा वास आला, पेडल मऊ लागायला लागलं. कडेच्या थांब्यावर गाडी घेतली आणि पाऊण तास नुसते बसून राहिलो. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबायचा आणि सोडायचा. ट्रक रखडत उतरताना दिसतात ते उगीच नाही. मागे रांग लागली तर लागू द्या, मोकळी जागा दिसली की बाजूला होऊन सगळ्यांना पुढे सोडा.

*

इंडिपेंडन्स पासवर ३५ फुटांपेक्षा लांब गाड्यांना बंदी आहे, तुमची २५ ची कायद्याने चालते. पण काही जागी रस्ता इतका अरुंद आहे की मधली रेघसुद्धा आखलेली नाही. समोरून तुमच्यासारखीच दुसरी आली की आरसे मिटून घ्यावे लागतील. वरच्यांशी सहमत.

*

थंडीबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून मी.

ब्राइस कॅन्यन वाळवंटात आहे असं वाटतं. आहेही, पण कडा ८,००० फुटांच्या वर आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारी आम्ही अर्ध्या बाह्यांत फिरलो आणि रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली. बाहेरच्या नळाला जोडलेला पाण्याचा पाइप आम्ही तसाच ठेवून झोपलो. सकाळी पाइप काठीसारखा ताठ. उचलला तर वेटोळ्याच्या आकारातच उचलला गेला. नळ सुरू केला, थेंब नाही. चहासाठी शेजारच्या गाडीतल्या आजोबांकडे पातेलं घेऊन गेले. ते म्हणाले, रात्री पाइप काढून झटकून आत टाकायचा आणि गाडीच्या टाकीतलं पाणी पंपावर वापरायचं. एवढं साधं. गाडी देताना तासभर टीव्ही आणि सोफ्याची बटणं दाखवली, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट हीटरची. गाडीतली भट्टी प्रोपेनवर चालते, पण तिचा पंखा बॅटरीवर. विजेची जोडणी नसलेल्या जागी आदल्या संध्याकाळी मुलांनी सगळे दिवे लावून पत्ते खेळले, फोन, टॅबलेट सगळं चार्ज केलं. पहाटे तीनला पंखा घरघरला आणि बसला. प्रोपेन भरलेला, भट्टी थंड. बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये रात्री जनरेटर लावायला मनाई असते, त्यामुळे आम्ही चौघं एका पलंगावर. जोडणी नसेल त्या दिवशी संध्याकाळी जनरेटरची वेळ संपायच्या आत बॅटरी भरून घ्या, दिवे कमी लावा, आणि झोपण्यापूर्वी भट्टीचा आकडा खाली आणा. चांगली पांघरुणं घरून न्या. भाड्याच्या गाडीत मिळतात ती दुलई म्हणायच्या लायकीची नसतात.

आणि तरी सांगते, त्याच सकाळी कड्यावर गेलो. लाल सुळक्यांच्या डोक्यावर हिमकणांचा पातळ थर होता आणि ऊन पडलं तसा तो एकेका सुळक्यावरून पुसला जात होता. धाकटा म्हणाला, आई, कुणीतरी खडू पुसतंय.

*

तुमच्या मार्गातला ब्राइस ते झायन हा तुकडा आता जसा लिहिलाय तसा होणार नाही. वाटेतला झायन-माउंट कार्मेल बोगदा १९३० चा, १.१ मैल लांब, कमानीचा आणि अरुंद. पूर्वी मोठी गाडी नेता यायची. आम्ही १५ डॉलर भरले होते. रेंजर समोरची वाहतूक थांबवायचे आणि आपण बोगद्याच्या मधोमध जायचं. जून २०२६ पासून मोठ्या गाड्यांना तो रस्ता बंद केलाय. मर्यादा ७ फूट १० इंच रुंदी आणि ११ फूट ४ इंच उंची. तुमची २५ फुटी लांबीत बसेल, रुंदीत नाही. भाड्याच्या क्लास सी बहुतेक ८ फुटांच्या वरच असतात. ब्राइसहून यूएस ८९ ने उत्तरेला, यूटाह २० ने आय-१५ हा महामार्ग गाठा आणि झायनला दक्षिणेच्या दाराने, स्प्रिंगडेलकडून शिरा. नकाशावर उलटं वाटतं, पण रस्ता रुंद आहे. नेहमीचं गाडीचं जीपीएस हे सांगत नाही, ते तुम्हाला बोगद्यापर्यंत खुशाल नेऊन उभं करेल.

*

मॉन्युमेंट व्हॅली ठेवलीत तर घड्याळाकडे बघा. ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही. नवाहो नेशन, म्हणजे नवाहो आदिवासींचा स्वतःचा प्रदेश, ज्यात ही व्हॅली येते, तो पाळतो. आणि पेज गाव ॲरिझोनाच्या वेळेवर चालतं. आम्ही पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यनच्या ११ च्या टूरसाठी धापा टाकत पोचलो तर तिथे १० वाजले होते. आमचं उलट झालं नाही हे नशीब. फोन तर दर वीस मैलांनी मत बदलत होता. शेवटी नवऱ्याचं मनगटी घड्याळ प्रमाण मानलं.

राष्ट्रीय उद्यानांचा प्रवेश-पास मॉन्युमेंट व्हॅलीत चालत नाही, ते नवाहोंचं स्वतःचं ट्रायबल पार्क आहे. खालचा १७ मैलांचा कच्चा रस्ता मोटरहोमला बंद. वरून पाहा, नाहीतर त्यांच्या जीपमधून जा. जीपच घ्या, धुळीने माखाल पण वाटाड्याच्या गोष्टी ऐकायला मिळतात.

आणि मोकी डगवे नावाचा रस्ता नकाशावर जवळचा दिसेल. कच्ची वळणं, ११ टक्के उतार, २८ फुटांपेक्षा मोठ्या गाड्या नेऊ नयेत असं राज्यच सांगतं. तुमची २५ ची असली तरी मोह नको.

*

आम्हाला महागात पडली ती मोआबची छत्री. म्हणजे गाडीच्या बाजूला उघडतं ते कापडी छत. दुपारी मस्त ऊन, छत उघडलं, खुर्च्या टाकल्या आणि ट्रेलवर गेलो. परत आलो तर छत गाडीच्या टपावर उलटं पडलेलं, एक दांडा पार काटकोनात. शेजारी म्हणाले, एकच झोत आला. कंपनीने पूर्ण अनामत ठेवून घेतली. आमच्या विम्यात छत, टप आणि गाडीखालचा भाग येत नव्हता, हे तेव्हा वाचलं. गाडी सोडून जाताना छत मिटायचं, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

जवळच डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्कमध्ये वीज मिळते, पण पाणी टँकरने वर आणलेलं असतं, गाडीची टाकी भरून जायला सांगतात. आर्चेसमधल्या कॅम्पग्राउंडचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि जागा जेमतेम ५१, तेव्हा सप्टेंबरअखेरचं आत्ता बघत असाल तर विसरा. नदीकाठच्या हायवे १२८ वर सरकारी जमिनीवरच्या जागा आहेत, आधी येईल त्याला मिळते. सकाळी लवकर जायचं, कुणी खुर्च्या आवरताना दिसलं की नम्रपणे घोटाळत राहायचं.

*

आई-बाबांना घेऊन लेडव्हिलला मुक्काम? १०,००० फुटांच्या वर आहे ते. माझ्या सासऱ्यांना रात्रभर झोप नाही, डोकं ठणकत होतं, आम्ही पहाटे उठून खाली पळालो. पहिली रात्र डेन्व्हरलाच काढा, दुसरीला थोडं वर, भरपूर पाणी. आणि कुकर न्या. त्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात मी दीड तास तूरडाळ उकळली, शेवटी दाण्यासकट सूप म्हणून वाढली.

*

थोडं विरोधी लिहितो. मोटरहोमला एवढं डोक्यावर घेऊ नका. भाडं वेगळं, मैलांचे पैसे वेगळे, जनरेटरचे तासावर वेगळे, दुसऱ्या गावी सोडायचे वेगळे, पेट्रोल गॅलनला दहा मैलांच्या आसपास. सकाळी पाइप, वायर, टाक्या आवरायला तास जातो, ट्रेलच्या तोंडाशी पार्किंगमध्ये जागा मिळत नाही. आम्ही पुढच्या वर्षी साधी गाडी आणि मोटेल केलं, दुप्पट पाहिलं. (बायकोचं म्हणणं, दुप्पट पाहिलं पण निम्मं थांबलो. असो.)

एक मात्र मान्य. कॅपिटल रीफच्या फ्रुटा कॅम्पग्राउंडला शंभर वर्षांहून जुन्या फळबागा आहेत. हंगामात जी बाग खुली असते तिथे झाडाखाली उभं राहून हवं तेवढं खा, फुकट. बरोबर न्यायचं तर काट्यावर तोलून डब्यात पैसे टाका. सफरचंद तोडून गाडीच्या पायरीवर बसून खाल्लं, वर लाल कडा. ते मोटेलमध्ये नाही झालं.

*

धागा काढला म्हणून बरं, आम्ही बोगद्यापाशीच अडकलो असतो. नवा मार्ग: डेन्व्हरला दोन रात्री, सँड ड्यून्स, डुरँगो, सिल्व्हरटन, ऊरे, मोआबला तीन रात्री, कॅपिटल रीफ, हायवे १२ ने ब्राइस, मग यूटाह २० आणि आय-१५ ने झायन. रोज साधारण १५० मैलांपर्यंत, फक्त डेन्व्हर ते ड्यून्स आणि ड्यून्स ते डुरँगो जास्त. लेडव्हिल गेलं, मॉन्युमेंट व्हॅलीही गेली. बाबा दोन दिवस नीट बोलत नाहीयेत.

आईने सगळे प्रतिसाद वाचले आणि एकच विचारलं: संडासाची टाकी कोण रिकामी करणार?

*

जो त्या दिवशी गाडी चालवत नाही तो. हातमोजे जाड घ्या. आधी काळी टाकी (संडासाची), मग करडी (भांड्यांच्या पाण्याची), म्हणजे भांड्यांच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. आणि झाकण काढण्यापूर्वी वरचा खटका बंद आहे ना ते दोनदा बघा. मी एकदाच बघितलं होतं.