किटवाल्यांनो, माणसाला जरा बसू द्या की!

अर्धवट_किट:
परवा प्लॅस्टिकच्या किटमधला १/३५ चा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा, एक ट्रक हातावेगळा केला. मागच्या हौद्यात दोन्हीकडे लाकडी बाकं, फळ्यांच्या फटींसकट झकास. पण बाकांवर बसायला माणूस? एकही नाही. डब्यात ड्रायव्हर तेवढा दिलाय, आणि त्याचेही हात स्टिअरिंगच्या दोन मिलिमीटर वर तरंगतात. मग नेहमीचा उद्योग. पळत्या सैनिकांचा संच फोडायचा, कमरेखाली करवतीने पाय उतरवायचे, तार घालून काटकोनात जोडायचे आणि मांड्यांवर मिलीपुट (घट्ट होणारी पुटी) थापून विजारीच्या चुण्या नव्याने कोरायच्या. जुन्या चालत नाहीत. माणूस पळतो तेव्हा चुण्या जांघेतून तिरक्या जातात. बसला की कापड गुडघ्यावर ताणलं जातं आणि गुडघ्यामागे गोळा होतं. चार माणसांत तीन संध्याकाळी गेल्या. त्यातला एक तर अजूनही बसल्यासारखा वाटत नाही, पोटात कळ आल्यासारखा दिसतो.

तर माझं म्हणणं असं की कंपन्यांनी आता काहीही न करणारी माणसं काढावीत. वाट बघणारी, पेंगणारी, बूट काढून तळवे चोळणारी, नुसतीच खोक्यावर बसलेली. सैनिकाचा बराचसा वेळ वाट बघण्यात जातो, पण डबा उघडावा तर जो तो हल्ल्यावर निघालेला. शिवाय दर दोन संचांमागे एक बोटवाला असतोच. अधिकारी, एका हातात नकाशा, दुसऱ्या हाताचं बोट क्षितिजाकडे. माझ्याकडे असे अकरा जमलेत. सगळे एका फळीवर उभे केले तर रस्ता चुकलेल्या लोकांचं संमेलन वाटतं.

तुम्हाला कुठली फिगर, म्हणजे मॉडेलमधला माणूस, हवी आहे, जी कोणी काढतच नाही?

स्प्रूकापे:
अर्धवटराव, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. वितळलेलं प्लॅस्टिक दाबून भरायचा इंजेक्शनचा साचा पोलादात कोरावा लागतो, आणि तो खर्च डबे विकूनच वसूल होतो. सैनिकांच्या संचात फिगर्सच्या फ्रेमबरोबर (फ्रेम म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले असतात ती प्लॅस्टिकची चौकट) हत्यारांची वेगळी फ्रेम येते ना, ती कधी नीट बघितलीत? रायफली, पिशव्या, हेल्मेटं, पाण्याच्या बाटल्या. तीच फ्रेम त्या सैन्याच्या कितीतरी संचांत जाते, म्हणजे तिचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. तुमच्या झोपलेल्या माणसाला ती लागतच नाही. त्याच्या साच्याचा भार एकट्या त्याच्यावर.

त्यात बसलेला माणूस साच्याच्या दृष्टीने वाईट. साचा दोन बाजूंना उघडतो. हात मांडीवर टेकला की मधली पोकळी सुटत नाही. मग एक तर तुकडे वाढवा, नाही तर बाजूने सरकणारा भाग बसवा, नाही तर ती पोकळी भरून टाका. मऊ प्लॅस्टिकच्या एकसंध फिगर्समध्ये रायफल छातीला चिकटलेली दिसते, ती याच कारणाने.

आणि काढत नाहीत हे खरंच नाही. मिनीआर्ट कंपनीने निर्वासित काढले, वादक काढले. आयसीएम कंपनीने चेर्नोबिलची अख्खी मालिका काढली, अग्निशमन दलाच्या गाडीसोबत माणसं देऊन. १/२४ मध्ये हेन्री फोर्ड आणि मंडळी आहेत. यातले किती डबे तुम्ही घेतलेत? खरं सांगा.

अर्धवट_किट:
एक. चेर्नोबिलमधला. आणि टायगर रणगाडे सात आहेत, तुम्ही विचारायच्या आत सांगून टाकतो.

पण तो एक मी का घेतला ते ऐका. त्यात माणसं आणि गाडी एकमेकांसाठी केलेली आहेत. बाकी ठिकाणी फिगर्सचा विभाग वेगळा, गाड्यांचा वेगळा, आणि दोघांचं बोलणं नसावं असा संशय येतो. रणगाड्याच्या झाकणातून वर आलेला माणूस कंबरेपर्यंतच द्यायचा, हे त्यांना बरोबर सुचतं. मग ट्रकच्या बाकावर सहा जण का सुचत नाहीत?

रुळावरचा:
तुम्ही १/३५ वाले फार लाडावलेले आहात. मी आगगाड्यांची मॉडेलं करतो, एन स्केलमध्ये, १/१६०. पावणेदोन मीटरचा माणूस अकरा मिलिमीटरचा होतो. बसलेले प्रवासी मिळतात, पण ते बसतात बागेतल्या बाकावर. आगगाडीच्या डब्यात खालच्या यंत्रणेमुळे फरशी वर आलेली असते. माणूस तसाच ठेवला तर डोकं छताला लागतं. म्हणून गुडघ्याखाली पाय कापायचे आणि आसनाला चिकटवायचे. एका गाडीत साठ माणसं धरली तर एकशेवीस पाय. कापलेले पाय एका डबीत साठवलेत. टाकवत नाहीत. ती डबी बघून घरचे चिंतेत पडतात.

कंपनीने पाय नसलेलेच प्रवासी विकावेत, एवढीच माझी मागणी. खिडकीतून छातीच्या वरचंच दिसतं. प्लॅस्टिकही कमी लागेल.

बाकी स्प्रूकापेंचा हिशेब अर्धाच आहे. एचओ म्हणजे १/८७ या रेल्वेच्या मापात प्रायझर कंपनीची यादी काढा: पोस्टमन, गवंडी, बँडवाले, रंगारी, नवरा-नवरी, सायकल दुरुस्त करणारा. रंग न दिलेल्या माणसांचे मोठाले संचही आहेत. तिथे का परवडतं? कारण रेल्वेवाल्याला एका स्टेशनावर शंभर माणसं लागतात आणि तुम्हाला रणगाड्यापाशी चार. आम्ही गर्दी विकत घेतो, तुम्ही पात्रं.

स्प्रूकापे:
हे मात्र पटलं. पात्रं आणि गर्दी. पण मग निष्कर्ष माझ्याच बाजूचा निघतो की! चारच घेणार असाल तर ग्राहक ती चार ठसठशीत निवडणार. डब्यावरच्या चित्रात पेंगणारा माणूस बघून कोण हात घालतो?

प्रिंटबाबा:
अजून साच्यांवर वाद? थ्रीडी प्रिंटर आहे ना. संगणकावर पुतळा उभा करा, सांधे वाकवा, बसवा, झोपवा, १/३५ करा नाही तर १/७२, रात्री लावा, सकाळी माणूस तयार. कंपन्यांकडे हात पसरायचे दिवस गेले. रुळावरच्यांना तर बिनपायांचे साठ एका खेपेत निघतील.

ब्रश_त्रिशून्य:
प्रिंटबाबा, मी दोन वर्षं प्रिंट केलेल्या फिगर्स रंगवतेय, म्हणून थोडं सविस्तर.

संगणकातला पुतळा बसवला की तो बसत नाही, वाकतो. खरा माणूस बाकावर टेकला की मांडी खालून चपटी होते, पाठ किंचित गोल होते, एक खांदा खाली येतो. पुतळ्याची मांडी गोलच्या गोल राहते, आणि मग तो आसनापासून केसभर वर तरंगतो. रंगवताना खालची सावली कितीही गडद केली तरी तरंगणं लपत नाही. अर्धवट_किट यांचा कळ आलेला माणूस नेमका यामुळेच तसा दिसत असणार. मांडीची खालची बाजू सपाट तासून बघा, पुटी वर नको.

कोणी म्हणेल, खरा माणूस स्कॅन करा. केलाय लोकांनी. बसण्याची ढब अचूक येते, पण कपडे मऊ लिबलिबीत येतात. अर्ध्या मिलिमीटरचं कापड पस्तीसने भागलं तर काय उरणार? चांगला मूर्तिकार चुण्या मुद्दाम खोल कोरतो, कॉलरची कड जाड ठेवतो, कारण ब्रशला आणि वॉशला (खाचांत उतरणाऱ्या पातळ रंगाला) धरायला काहीतरी लागतं. खऱ्या मापाचा माणूस लहान केला की माणूस दिसत नाही. ही कला आहे, फाइल नाही.

शिवाय प्रिंट होताना फिगरला तोलून धरणाऱ्या आधाराच्या काड्या कुठे लावणार? बसलेल्याच्या बुडाला. तिथेच खड्डे पडतात आणि तीच बाजू बाकाला टेकायची असते. हातमोजे, अल्कोहोलची धुलाई, अतिनील दिवा, त्यात रायफलची नळी नुसत्या बघण्याने मोडते. हे सगळं स्वयंपाकघराच्या टेबलावर होणारं काम नाही.

आणि माझी मागणी विचारलीत तर: बायका. ब्रिटनच्या एअर ट्रान्स्पोर्ट ऑक्झिलरीत दीडशेहून जास्त स्त्री वैमानिक होत्या, स्पिटफायरसारखी विमानं कारखान्यातून तळावर पोचवायच्या. सोव्हिएत ५८८ वी रेजिमेंट पो-२ या लाकूड-कापडाच्या विमानांतून रात्री बॉम्ब टाकायची, सगळ्या बायका. आणि डब्यात मिळते कोण? पंखाला टेकून केस उडवणारी. मला पॅराशूटच्या पट्ट्यांत अडकलेली, वैतागलेली, पंखावर चढण्यासाठी एक पाय वर टाकलेली वैमानिक हवी आहे. अंगावर ढगळ कपडे, कारण उडताना थंडी वाजते.

प्रिंटबाबा:
ताई, खड्ड्यांचं मान्य. पण त्या वैतागलेल्या वैमानिकेची फाइल उद्या कोणी केलीच, तर ती केवळ प्रिंटर आहे म्हणून तुमच्यापर्यंत येईल. पोलादी साचा तिच्यासाठी कोणी कोरणार नाही. वाईट मूर्तिकार हा प्रिंटरचा दोष कसा?

ब्रश_त्रिशून्य:
नाही, तो दोष नाही. पण तुम्ही मूर्तिकाराला वगळूनच "सकाळी माणूस तयार" म्हणालात, म्हणून लिहिलं.

रिकामी_गाडी:
उलट्या बाजूने बोलायला कोणीच नाही, म्हणून मी. फिगर्स नकोतच. उत्तम केलेल्या गाडीची माती करायला एक बरी फिगर पुरे. १/३५ मध्ये डोकं साडेसहा मिलिमीटरचं, त्यात डोळे, त्यात बुबुळं. बघणाऱ्याची नजर आधी चेहऱ्यावर जाते, आणि चेहरा घुबडासारखा झाला की पुढचे दोन महिने वाया. दार उघडं टाकलेली रिकामी गाडी, पायरीवर एक मग, आसनावर टोपी. माणूस आत्ताच उठून गेलाय. हे मला कुठल्याही बोटवाल्यापेक्षा जास्त जिवंत वाटतं.

अर्धवट_किट:
टोपीची कल्पना सुंदर आहे, चोरणार. पण मग गाडी केवढी आहे ते कळत नाही हो. माणूस शेजारी उभा राहिला की रणगाड्याचं चाक कंबरेपर्यंत येतं हे दिसतं, तेव्हा पोटात गोळा येतो. रिकामा रणगाडा खेळण्याएवढाच राहतो. आणि घुबडाचं म्हणाल तर बुबुळं काढूच नका, भुवयांखाली सावली द्या. दोन हातांवरून डोळे दिसतात कुठे? अगदीच नाही जमलं तर हॉर्नेट कंपनीची रेझिनची डोकी बसवा, त्या चेहऱ्यांवर नुसता वॉश टाकला तरी भाव येतात.

दर्यावर्दी:
१/३५० च्या जहाजावर खलाशी पाच मिलिमीटरचा. वर्षानुवर्षं आम्ही पितळी पत्र्यातून कापलेले खलाशी लावले. समोरून माणूस, बाजूने रेघ. जहाज फिरवलं की अख्खं दल गायब. प्रिंटवाल्यांनी गोल खलाशी आणले तेव्हा मी तरी टोपी काढली. त्यामुळे या वादात मी बाबांच्या बाजूने. बसलेला, टेकलेला, फरशी पुसणारा, सगळे मिळतात आता. एवढ्या लहान मापात मांडी चपटी आहे की गोल, कोण बघतो.

रुळावरचा:
खरंय. जितकं स्केल लहान, तितका प्रिंटर जिंकतो. वाद मोठ्यांचाच आहे.

जुना_डबा:
थोडा इतिहास, कारण सगळे आजच्या कंपन्यांना झोडताय. १/३५ हे माप माणसासाठी ठरलेलंच नाही. तामिया या जपानी कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाडा काढला, त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्या होत्या, म्हणून तेवढा आकार. भागाकार केला तर पस्तीसच्या जवळपास आला. माणसं नंतर, १९६८ च्या मिलिटरी मिनिएचर्स मालिकेत आली, तीसुद्धा रणगाड्याला शोभा म्हणून. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने मात्र १९५९ साली पहिल्यांदा माणसं काढली ती शाही रक्षकांचा बँड! वाजवणारी, न लढणारी. रंग टिकायचा नाही त्या मऊ प्लॅस्टिकवर, सोलून निघायचा, पण ट्रॉम्बोनवाला अजून आहे माझ्याकडे. म्हणजे सुरुवात बरी झाली होती, वाट मध्येच बदलली.

स्प्रूकापे:
डबेसाहेब, बँड चालतो कारण तो गणवेशात असतो आणि एकसारखा असतो. तोही एक प्रकारे गर्दीच.

असो. आता एक कबुली. मी मुख्यतः १/२४ च्या मोटारी करतो. काचा लखलखीत, आत शिवणीसकट आसनं, आणि ड्रायव्हर नाही. तामियाचा कॅम्पस फ्रेंड्स संच आहे, पण ती मंडळी गाडीभोवती रमणारी. मला आत बसलेला हवा. दोन्ही हात चाकावर, आरशात बघणारा, सिग्नलला कंटाळलेला. शर्यतीच्या गाडीतला हेल्मेटवाला नको, साधा शर्टातला. म्हणजे साच्याचं अर्थशास्त्र शिकवत शिकवत मी तुमच्याच रांगेत उभा आहे.

अर्धवट_किट:
या, बसा. अरे हो, बसता येत नाही.

स्प्रूकापे:
म्हणून काल रात्री एक प्रयोग केला. माझ्याकडचा एक बोटवाला घेतला (माझ्याकडे चारच आहेत). उजवा हात कोपरातून कापला, नकाशा तासून टाकला, बोटं गरम सुईने वळवली आणि हात उलटा कानामागे नेला. आता तो कान खाजवतोय. अधिकारी राहिला नाही, भांबावलेला माणूस झाला. वेळ एक तास, पुटी मटाराएवढी. कंपनीकडे काही मागावं लागलं नाही.

ब्रश_त्रिशून्य:
फोटो बघितला. हात उत्तम जमलाय, दंडाखालची चुणी तर फारच छान. पण मान बदलली नाहीत. कान खाजवताना डोकं हाताकडे कलतं. तुमचा माणूस अजून क्षितिजाकडेच बघतोय.

स्प्रूकापे:
च्यायला. खरंच. करवत कुठे ठेवली?