इंटरलाकेनला तीनच दिवस असतील तर युंगफ्राऊ सोडा, तळ्यांना वेळ द्या

पाणवठा:
स्वित्झर्लंडला निघालेली ओळखीची मंडळी आपला कार्यक्रम दाखवतात, तेव्हा इंटरलाकेनच्या रकान्यात ठरलेलंच असतं: युंगफ्राऊयोख (रेल्वेने गाठता येणारी उंच बर्फाळ खिंड), हार्डर कुल्म हा गावामागचा डोंगर आणि मग ल्युसर्न शहराकडे रवाना. ज्या ब्रीन्झ आणि थुन तळ्यांच्या मधल्या सपाटीवर हे गाव वसलंय, ती तळी गाडीच्या खिडकीतून दिसतील तेवढीच. हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

आधी पैशांचं बोलू. इंटरलाकेनहून युंगफ्राऊयोखचं परतीचं पूर्ण तिकीट उन्हाळ्यात माणशी दोनशे फ्रँकच्या वर जातं. स्विस ट्रॅव्हल पास काढला तरी तो वाटेतल्या ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावांपर्यंतच पूर्ण चालतो, त्यापुढे २५ टक्के सवलत. त्याच पासवर दोन्ही तळ्यांवरच्या बोटींत मात्र दिवसभर कितीही वेळा चढा-उतरा.

आणि ब्रीन्झच्या तळ्यावर दिवस कसा जातो ते सांगते. इंटरलाकेन ओस्ट स्टेशनला लागूनच धक्का आहे. तिथून सव्वा तासात बोट ब्रीन्झला पोचते, पण मध्येच गीसबाखला उतरायचं. धबधबा जंगलातून टप्प्याटप्प्याने थेट तळ्यात कोसळतो आणि एका टप्प्यावर पायवाट पाण्याच्या पडद्यामागून जाते. धक्क्यावरून वर हॉटेलपर्यंत नेणारी दोरावरची छोटी गाडी १८७९ पासून चालू आहे. पुढे ब्रीन्झ गाव म्हणजे लाकडावरच्या कोरीवकामाचं गाव; ती कला शिकवणारी शाळा १८८४ पासूनची. तिथूनच १८९२ साली सुरू झालेली दातेरी रुळांची गाडी रोटहॉर्न शिखराकडे जाते, आजही बऱ्याच फेऱ्या वाफेच्या इंजिनावर. वरून अख्खं तळं पायाशी दिसतं आणि समोर बर्फाच्छादित शिखरांची रांग. जवळच बालेनबेर्गला देशभरातली शंभरावर जुनी घरं मूळ जागेवरून सोडवून आणून पुन्हा उभी केली आहेत. आत चुलीवर चीज शिजत असतं, लोहाराचा भाता चालू असतो. मुलांना तिथून बाहेर काढणं कठीण.

थुनच्या बाजूला ओबरहोफेनचा पाण्यातच पाय सोडून बसलेला किल्ला, श्पीत्सचे द्राक्षमळे, बीयाटसच्या गुहा. हे सगळं टाकून लोक ढगात जाऊन परत येतात.

सह्यकडा:
ताई, तळ्यांबद्दलचं एकूण एक वाक्य मान्य, पण निष्कर्ष अजिबात मान्य नाही.

तळी आपल्याकडे आहेत, धरणं आहेत, पावसाळ्यात माळशेजला धबधबे आहेत. आपल्याकडे नाही ती हिमनदी. युंगफ्राऊयोखला ३,४५४ मीटरवर गाडीतून उतरून बाहेर आलं की समोर ‘आलेच’ नावाची हिमनदी पसरलेली असते, आल्प्समधली सगळ्यात लांब, वीस किलोमीटरच्या आसपास. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला ही गोष्ट इतक्या सहज दुसरीकडे कुठे दिसणार? माझ्या आईचे गुडघे गेलेत. तिला लेह झेपलं नसतं, हिमालयातला ट्रेक तर सोडाच. तिथे ती खुर्चीवर बसून बर्फापर्यंत पोचली.

शिवाय ती रेल्वे! आडोल्फ गुयेर-त्सेलर यांनी कल्पना मांडली, १८९६ ला काम सुरू झालं, ते स्वतः १८९९ मध्ये वारले आणि गाडी १९१२ साली वर पोचली. आयगर आणि म्योंख या दोन पहाडांच्या पोटातून सात किलोमीटरवर बोगदा, तोही त्या काळच्या साधनांनी. मी रेल्वेत नोकरी केली आहे, बोरघाटातले बोगदे जवळून पाहिलेत. त्यामुळे आइसमेअरच्या थांब्यावर खडकात कापलेल्या खिडकीतून बर्फ बघताना माझ्या अंगावर काटा आला. दोनशे फ्रँक जास्त आहेत, हे खरं. पण आयुष्यात एकदाच जाणाऱ्याला ‘तळ्याकाठी बस’ हा सल्ला देऊ नये.

टूरवाली:
मी गट घेऊन जाते, तर माझा अनुभव लिहिते. आमच्याकडे नाव नोंदवताना लोकांचा पहिला प्रश्न ‘बर्फ कुठे?’ हाच असतो. २०२० च्या डिसेंबरपासून ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्सप्रेस ही केबलगाडी सुरू झाली, ती पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर या वरच्या स्टेशनला पोचवते आणि शेवटचा टप्पाच रेल्वेने होतो. त्यामुळे दिवस पूर्वीइतका दमवत नाही.

पण पाणवठा यांचा ढगांचा मुद्दा खरा आहे. गटाची तिकिटं आधीच घेतलेली असतात, हवा फिरली तरी दिवस बदलता येत नाही. वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही तेव्हा लोकांचे चेहरे बघवत नाहीत, आणि त्याच वेळी खाली तळ्यावर चक्क ऊन असतं. स्वतंत्र जाणाऱ्यांनी म्हणूनच आधीपासून तारीख बांधून घेऊ नये. सकाळी वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघायचं आणि मगच तिकीट काढायचं.

आणि उंचीचा विचार करा. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असतो. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. पोचल्यावर पहिला अर्धा तास पायऱ्या धावत चढू नयेत.

पाणवठा:
सह्यकडा, तुमच्या आईंना बर्फ दिसला याचा मनापासून आनंद वाटला. पण ‘तळी आपल्याकडे आहेत’ हे पटत नाही. ब्रीन्झचं पाणी तसं निळं-हिरवं दिसतं ते हिमनदीमुळेच. बर्फ सरकताना खालचा खडक घासला जातो, त्याचं पिठासारखं बारीक चूर्ण आरे आणि ल्युचिने या नद्यांतून तळ्यात येतं, पाण्यात तरंगत राहतं आणि प्रकाश विखुरतं. ल्युचिनेचं पाणी तर थेट ग्रिंडेलवाल्ड आणि लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यांतलं. ब्रीन्झमध्ये बराच गाळ बसतो, म्हणून पुढच्या थुन तळ्याचा रंग वेगळा, जास्त गडद. तुम्ही वर जी हिमनदी बघता तिचीच भावंडं खाली या रंगात दिसतात. आपल्या धरणात हे कुठून येणार?

आणि पहाडाच्या पोटातला चमत्कारच बघायचा तर लाउटरब्रुनेनजवळचा ट्रुमेलबाख बघा. आयगर, म्योंख, युंगफ्राऊ या तिन्हींच्या हिमनद्यांचं पाणी तिथे खडकाच्या आतून कोसळतं, सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. तिकीट युंगफ्राऊच्या तुलनेत अगदीच किरकोळ.

झुरिककर:
मी दोघांच्याही विरोधात आहे. मी इथे राहतो आणि ‘तळ्याकडे वळा’ या सल्ल्याचं काय होतं ते बघितलंय. इझेल्टवाल्ड हे ब्रीन्झकाठचं चारएकशे वस्तीचं गाव. एका कोरियन मालिकेत तिथला लाकडी धक्का दिसला आणि गर्दी इतकी लोटली की गावाच्या बसमध्ये गावकऱ्यांनाच जागा मिळेना. शेवटी धक्क्यावर फिरतं फाटक बसवून पाच फ्रँक घ्यायला सुरुवात झाली. युंगफ्राऊयोख निदान गर्दीसाठीच बांधलेलं आहे, तिथे हजारो माणसं सामावतात. लोकांच्या अंगणात ती सामावत नाहीत.

तेव्हा तळ्याकाठी जाच, पण एक मुक्काम तिथे करा, तिथल्या बेकरीतून पाव घ्या, संध्याकाळी बाकावर बसा. दोन फोटो काढून पुढची बस पकडणारे नकोत.

आणखी एक, हे जिवाशी संबंधित आहे म्हणून लिहितो. थुन गावात स्थानिक लोक आरे नदीत उड्या मारून वाहत जाताना दिसतील. ती मंडळी लहानपणापासून नदी ओळखतात. तिथे बंधारे आहेत, ओढ जबरदस्त आहे. पोहायचंच तर थुन तळ्यावरच्या राखीव स्नानाच्या जागी जा. ब्रीन्झ तर जुलैतही गारठवतं.

सह्यकडा:
झुरिककर यांचा मुद्दा रास्त आहे. पण पाणवठा ताई, तुमच्याच युक्तिवादाने माझं म्हणणं बळकट होतं. रंग हिमनदीचा, मग हिमनदीच आटली तर? २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपल्या बर्फापैकी दहा टक्के गमावला. तळं आणखी पन्नास वर्षांनीही असेल. माझा नातू मोठा होईल तेव्हा ‘आलेच’ हिमनदी अशी दिसणार नाही. जे जाणार आहे ते आधी बघावं.

पाणवठा:
हे ऐकून गप्प बसावंसं वाटतं. तरीही तीनच दिवस असतील आणि हवेचा भरवसा नसेल तर मी तळंच निवडीन. पाच दिवस असतील तर तुमच्या बाजूने.

पहिलीच_वेळ:
आम्ही मे महिन्यात जातोय, सोबत आठ आणि अकरा वर्षांची मुलं. यातलं मेमध्ये काय चालू असतं?

झुरिककर:
दोन्ही तळ्यांवरच्या बोटी चालू असतात. गीसबाख, ट्रुमेलबाख आणि बालेनबेर्गही. बर्फ वितळत असल्याने धबधबे तेव्हा भरात असतात. रोटहॉर्न आणि शिनिगे प्लाटे या डोंगरांवरच्या गाड्या मात्र साधारण जूनमध्ये सुरू होतात, त्यांच्या भरवशावर बेत आखू नका. कांडरश्टेगच्या वरचं ओशिनेन तळं १,५७८ मीटरवर आहे, मेच्या सुरुवातीला त्यावर बर्फाचा थर असू शकतो.

सह्यकडा:
मुलांना घेऊन मी वरच जाईन. मेमध्ये वर भरपूर बर्फ असतो, मुलांना त्यात लोळता येतं. वॉटरप्रूफ बूट, हातमोजे आणि गॉगल न्या, बर्फावरच्या उन्हाने डोळे दुखतात. सकाळची पहिली गाडी घ्या, त्या वेळी गर्दी सगळ्यात कमी असते.

पाणवठा:
आणि दुपारी खाली आलात की इंटरलाकेन ओस्टवरच उतरा. बोटीचा धक्का स्टेशनच्या मागेच आहे. गीसबाखपर्यंत जाऊन या. शेवटची बोट किती वाजता ते आधी बघून ठेवा, मेमध्ये फेऱ्या जुलैपेक्षा कमी असतात.