परिचय कापला जातो, कारण...

तुमचा लेख पुनर्प्रकाशित करताना त्याखालचा लेखक-परिचय प्रत्येक संकेतस्थळ कापतं, अशी तुमची तक्रार आहे. तो परिचय मी पुन्हा वाचला. पाच ओळी, तीन दुवे, मोबाइल नंबर आणि 'आजच नाव नोंदवा'. लेख आवडला तरी ही जाहिरात आपल्या पानावर कोण लावेल?

दोन वाक्यं पुरतात, तीही तृतीयपुरुषी, म्हणजे संपादकाला हात लावावा लागत नाही. द्राक्षवेलींच्या छाटणीवरच्या लेखाखाली 'लेखिका निफाडजवळ द्राक्षबाग करतात आणि १२ वर्षं छाटणीच्या नोंदी ठेवत आहेत' एवढं लिहा. पदव्या, पुरस्कार गाळा. वाचकाला फक्त या विषयावर तुमचं का ऐकायचं ते कळू द्या. दुवा एकच, त्याच विषयाच्या पानाचा.

आणि परवानगी स्पष्ट द्या, हे बहुतेक जण विसरतात: 'नाव व परिचयासह, बदल न करता हा लेख पुनर्प्रकाशित करता येईल.' २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेलं 'द कॉन्व्हर्सेशन' हे लेखांचं संकेतस्थळ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली (म्हणजे अटींसह सगळ्यांना आधीच दिलेली वापराची परवानगी) हेच करतं. परवानगीचा मेल पाठवून वाट बघावी लागली की संपादक सरळ दुसरा लेख उचलतो. मी स्वतः तसंच करते.