हेल्मेट हवंच, पण पायाचं काय?
घोडेस्वारीवरच्या या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की हेल्मेट घातलं की निम्मी काळजी मिटली. डोक्यापुरतं शंभर टक्के मान्य. पण पडण्यापेक्षा वाईट म्हणजे पडल्यावर पाय रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या, पाऊल ठेवायच्या कड्यात) अडकणं, त्याबद्दल इथे कुणीच बोललं नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीच्या गर्दीत, मी एका ओळखीच्यांच्या घोडीवर चपला घालूनच बसलो (हौस, दुसरं काय!). मागे ढोल वाजला, घोडी उधळली आणि मी डावीकडे घसरलो. बिनटाचेची चपल, त्यामुळे पाऊल रिकिबीतून घोट्यापर्यंत आत गेलेलं. दहा-बारा फूट फरपटलो. "पाय काढ भो, पाय!" मालक ओरडत होता, पण काढायचा कसा? शेवटी चपल निसटली म्हणून सुटलो. घोटा दीड महिना सुजलेला.

तेव्हापासून टाचेचे, गुळगुळीत तळाचे बूट घालतो आणि रिकिबीत फक्त चवडा ठेवतो, टाच खाली. आणखी एक, तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळताना बरीच घोडी पोट फुगवतात. चार पावलं चालवून तो पुन्हा आवळायचा, नाहीतर खोगीरच तुमच्यासकट पोटाखाली फिरतं.