बाल्क, केगल, राउट: आकारांची ही नावं आली कुठून?

मीरा_आइंडहोव्हन

लेक यंदा इथल्या माध्यमिक शाळेत गेली. घरी तिची भूमिती मी घेते, आणि माझी भूमिती सगळी मराठीतून झालेली. त्यामुळे एका वहीत डावीकडे तिचे डच शब्द, उजवीकडे माझे मराठी. परवा इष्टिकाचिती आली. डचमध्ये तिला 'बाल्क' म्हणतात. बाल्क म्हणजे घराची तुळई! समभुज चौकोन म्हणजे 'राउट', आणि राउट म्हणजे खिडकीची काचसुद्धा. त्रिकोणाला 'द्रीहूक', सरळसरळ तीन कोपरे. खुद्द गणिताला 'विस्कुंडे'. आजूबाजूला ग्रीक-लॅटिन शब्दांचं राज्य असताना यांनी घरचे शब्द टिकवले कसे? कुणी ठरवून केलं का? आणि बाकीच्या युरोपात या आकारांना काय म्हणतात? लेकीकडून नुसती घोकंपट्टी करून घेणं मला पटत नाही.

ओळंबा

मीराताई, मी इकडे बेल्जियममध्ये गेंटजवळ बांधकामावर असतो. 'बाल्क' दिवसभर कानावर पडतो, म्हणून राहवेना.

ठरवून केलं का? बऱ्याच अंशी हो, आणि त्यात सिमॉन स्टेविन या गणिती-इंजिनिअरचा वाटा मोठा. जन्म 1548, ब्रुजचा. तिथे त्याच्या नावाचा चौक आहे, चौकात पुतळा आहे. 1586 मध्ये लायडनला त्याचं वजन-तोलाच्या शास्त्रावरचं पुस्तक छापलं गेलं, तेही लॅटिनऐवजी डचमध्ये. सुरुवातीलाच त्याने डच भाषेच्या थोरवीवर वेगळा लेख घातला. म्हणणं असं, की डचमध्ये एका उच्चाराचे छोटे शब्द मुबलक आहेत, ते जोडले की नव्या शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्याला आपोआप कळतो. 'विस' म्हणजे पक्कं, खात्रीचं. त्यावरून त्याचा 'विस्कोन्स्ट', आणि त्यातून आजचा विस्कुंडे. समांतरला 'एव्हनवाइडिख', म्हणजे सारख्याच अंतराचं.

पण शब्द घडवणं सोपं, रुजवणं कठीण. 1600 मध्ये डच सैन्याचा प्रमुख राजपुत्र मॉरिट्सच्या सांगण्यावरून लायडनला इंजिनिअरांसाठी शाळा निघाली. अभ्यासक्रम स्टेविनने आखला आणि शिकवणं डचमध्ये ठेवलं, कारण प्रत्यक्ष काम करणारे इंजिनिअर आपसात लॅटिन बोलत नाहीत. माझ्या मते सगळं गुपित इथे आहे. शब्द पुस्तकातून थेट तटबंदीच्या आणि बांधाच्या कामावर गेले.

इंग्लंडमध्ये हाच प्रयत्न त्याच्याही आधी झाला होता. वेल्समधल्या टेन्बीच्या रॉबर्ट रेकॉर्डने 1551 च्या भूमितीच्या पुस्तकात समभुज त्रिकोणाला 'थ्रीलाइक', समांतरभुज चौकोनाला 'लाइकजॅम', स्पर्शिकेला 'टच लाइन' असे शब्द दिले. आज ते कुणाला माहीत नाहीत. पुढे 1557 मध्ये त्याने दोन सारख्या समांतर रेघांचं 'बरोबर'चं चिन्ह छापलं, ते मात्र जगभर गेलं. एवढ्या कळकळीने भाषा घडवणाऱ्या माणसाचे शब्दच बुडाले, याची मला खरोखर हळहळ वाटते.

न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यानेही 1525 मध्ये कारागिरांसाठी जर्मनमध्ये भूमिती लिहिली. त्यात लंबवर्तुळ म्हणजे 'अंड्याची रेघ', अन्वस्त (पॅराबोला) म्हणजे पेटवणाऱ्या आरशाची 'जाळरेघ', अपास्त (हायपरबोला) म्हणजे जेवणाच्या काट्यावरून 'काट्याची रेघ'. त्याने शंकू कापून काढलेलं लंबवर्तुळ खालच्या बाजूला थोडं फुगीर आहे, चक्क अंड्यासारखं.

आता तुमची इष्टिकाचिती. हा शब्द मला सगळ्यांत लाडका. डचमध्ये बाल्क, तुळई. जर्मनमध्ये 'क्वाडर', म्हणजे घडीव चौकोनी दगडसुद्धा. फ्रेंच शाळेत 'पाव्हे द्रुआ', आणि पाव्हे म्हणजे रस्त्यावरची फरसबंदी. आपल्याकडे विटांची रचलेली चिती, वैदिक वेदीची आठवण देणारी. कुणी लाकूड घेतलं, कुणी दगड, आपण वीट. लेकीला हे चारही सांगा.

शंकूचंही तसंच. ग्रीक 'कोनोस' म्हणजे पाइनचं फळ. जर्मन आणि डच 'केगल' म्हणजे चेंडू मारून पाडायची लाकडी बाहुली. पोलिश 'स्तोझेक' हा गवताच्या गंजीवरून आला. आपला शंकू म्हणजे सावली मोजायला रोवलेली खुंटी.

दर्यावर्दी_रत्नागिरी

जहाजावर असताना ग्रीसला पिरेअस बंदरात बऱ्याचदा उतरलोय. तिथे बँकांच्या पाट्यांवर 'त्रापेझा' लिहिलेलं असतं. एजंट म्हणाला, मूळ अर्थ टेबल. पूर्वी सराफ टेबल मांडून नाणी बदलून देत, त्यावरून बँक. समलंब चौकोनाचं ट्रॅपेझियम त्यातलंच ना?

गणित_शिक्षिका_सातारा

हो, अगदी तेच. ट्रॅपेझियम म्हणजे 'छोटं टेबल'. पण मीराताई, लेकीला इंग्रजी पुस्तकं देत असाल तर जपून. पाचव्या शतकात प्रोक्लस या ग्रीक भाष्यकाराने दोन बाजू समांतर असलेल्याला ट्रॅपेझियम आणि एकही समांतर नसलेल्याला ट्रॅपेझॉइड म्हटलं होतं. 1795 मध्ये चार्ल्स हटनच्या इंग्रजी गणितकोशात ही दोन नावं उलटसुलट झाली. ब्रिटन नंतर जुन्या वापराकडे परतलं, अमेरिका नाही. म्हणून अमेरिकन पुस्तकातलं ट्रॅपेझॉइड म्हणजे आपला समलंब चौकोन.

आणि ग्रीक शब्द फक्त तिकडेच आहेत असं समजू नका. आपलं 'केंद्र' ग्रीक 'केन्ट्रॉन'वरून आलंय. त्याचा अर्थ टोचणी, पराणी. तोच शब्द मग कंपासचं टोक रुततं त्या बिंदूला लागला. ज्योतिषाच्या ग्रंथांतून तो संस्कृतमध्ये आला आणि इतका मुरला की परका वाटतच नाही. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुलं लगेच कंपास काढून टोक बघतात.

मीरा_आइंडहोव्हन

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! वहीची पानं भरली. फक्त राउट राहिलं. खिडकीचा आणि समभुज चौकोनाचा काय संबंध?

ओळंबा

जुन्या घरांच्या खिडक्या बघा. शिशाच्या पट्ट्यांत तिरपे, समभुज काचेचे तुकडे बसवलेले असतात. तो तुकडा राउट, आणि पत्त्यांतला तसाच लाल आकार 'राउटन'. फ्रेंच 'कारो'तही खिडकीची काच, फरशी आणि पत्त्यांतला तो रंग एकत्र आहेत. आपण त्याला चौकट म्हणतो, खिडकी-दाराला असते तीच.

ग्रीकांचा 'ऱ्होम्बॉस' मात्र खिडकीतला नाही. दोरीला बांधून डोक्याभोवती गरगरा फिरवायची लाकडी पट्टी, फिरताना घूं घूं आवाज करणारी. घरी करून बघायची तर पातळ फळी घ्या, कडा जरा तासा, दोरी पक्की बांधा आणि मोकळ्या मैदानात लेकीच्या हातात द्या.